उजवा कौल

"काटा डाव्या हातात, नागू! डाव्या! जेवायचंय, भाला नाय फेकायचा."

चौक गावाला हमरस्त्यावर जैतूचं टायरचं दुकान. दुकानामागच्या बाकावर बसून जैतू पोट धरून हसत होता. हा जैतू एके काळी बोटीवर खलाशी होता, चार मुलखांचं पाणी प्यायलेला. म्हणून काटा-चमच्याचं शिक्षण त्याच्याकडे. नागूच्या पुढ्यातल्या ताटलीत तांदळाची भाकरी होती. त्याने काटा टेकवला, भाकरी सटकली आणि खाली ग्रीसमध्ये पडली. नागूने ती उचलून कपाळाला लावली.

"अन्नाला भोसकायचं म्हंजे जिवावर येतं रं."

"तिकडं जिवावर आलं की उपाशी ऱ्हातोस. आनि गळ्यात माळ हाय तुझ्या. कायबी पुढं ठेवलं तर काय म्हनायचं? शिकवलं ना तुला?"

"काइन फ्लाइश," नागू पुटपुटला. मांस नको. एवढं बोलतानाही त्याच्या कपाळावर घाम आला.

नागू खोपोलीच्या कागद कारखान्यात फिटर. राहणारा कडावचा, वय छत्तीस. कारखान्यात जर्मनीहून नवं मशीन यायचं होतं आणि ते शिकायला पावसाळ्याचे तीन महिने एका माणसाने तिकडे, स्टुटगार्ट नावाच्या शहरात जायचं होतं. साहेबांनी नागूचंच नाव लिहिलं. कारण मशीनला पान्ह्याचं टोक लावून दुसरं टोक कानाशी धरलं, की कुठलं बेअरिंग बिघडलंय ते तो डोळे मिटून सांगे. वीस वर्षं कीर्तनात बुवांच्या मागे टाळ धरलेला माणूस. बेताल त्याच्या कानाला आधी बोचायचा.

सगळं गाव हरखलं. एकट्या नागूच्या घशाखाली घास उतरेना.

रामनवमीच्या कीर्तनात पोपटबुवांनी मारुतीच्या उड्डाणाचं आख्यान लावलं. समुद्रकाठी मारुती गप्प बसलाय, आपलं बळ विसरलाय, असा प्रसंग रंगात आला आणि बुवांनी मागे वळून पाहिलं. "मंडळी, मारुतीरायाला पासपोर्ट लागला नाही, आमच्या नागूला लागला, एवढाच काय तो फरक!" सभामंडप हसला. नागूही हसला, पण हातातला टाळ ठेका सोडून वाजला. त्याच्या मनात आलं, मारुतीला परतीची वाट तरी ठाऊक होती. आपण एखाद्या वळणावर चुकलो, तर कुणाला काय सांगायचं? कडाव कुठे म्हणून विचारलं, तर बोट कुठल्या दिशेला करायचं?

घरी तयारी चालूच होती. साहेबांकडून आणलेला तिकडच्या मुक्कामाचा पत्ता बायको, शकू, कापडाच्या पट्टीवर उतरवत होती. तिला इंग्रजी अक्षर येत नव्हतं. रांगोळीचे ठिपके जोडावेत तशी ती एकेक रेघ जोडत होती.

"हे वाकडं आलं तर तुमी दुसऱ्याच्याच घरी जाल," ती म्हणाली. "तिथं कोन गोरी दिसली, तर म्हनाल शकूनंच धाडलं!"

"गप गं."

"गप कशाला? सदऱ्याला आतून शिवते. चुकलात तर सदरा उलटा करून दाखवा. आनि भाताच्या लावनीची काळजी करू नका, मी हाय."

तिचं हसणं बघून त्याला आणखीच भरून आलं. नको म्हणायचं होतं. पण कुणाच्या तोंडावर म्हणणार?

मग त्याला कौल आठवला. गावदेवीच्या तांदळ्याला, म्हणजे त्या शेंदरी दगडाला, दोन खांद्यांवर दोन फुलं पाण्याने चिकटवायची. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. देवीच नाही म्हणाली, तर साहेबालाही सांगता येईल, बुवालाही.

"आये, कौल घेऊया," तो म्हणाला.

त्याच्या आईच्या, धोंडूबाईच्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. ती लगेच काठी शोधू लागली. "मी तेच म्हननार व्हते, लेका. तिला इचारल्याबिगर उंबरा वलांडू नको."

दुपारी गुरव जेवायला गेला होता. घरच्या माणसानेही कौल लावायची गावात रीत होती. आईला गाभाऱ्यात बसवून नागूने चाफ्याची दोन फुलं घेतली. डाव्या खांद्यावरचं जेमतेम ओलं करून टेकवलं. उजव्याच्या मागे मात्र बोट भरून गंध थापलं आणि फूल घट्ट दाबून धरलं.

"लावलीस?"

"व्हय."

आई हात जोडून बोलू लागली. "बाय, माजं लेकरू भित्रं हाय. लहानपनी जत्रंत चुकलं, तर तुज्याच पायरीवर येऊन बसलं व्हतं. तितं तुजी पायरी नाय. म्हनून इचारते. तू सांगशील ते खरं."

टप्. डावं फूल खाली आलं.

"पडलं! कंचं रं?"

नागूने फुलाकडे पाहिलं. मनासारखं झालं होतं. एक शब्द बोलायचा, की सुटका. पण छातीत काहीतरी बेताल वाजलं, आणि ते बेअरिंग कुठलं हे त्याला नीट कळलं. हे देवीने पाडलं नव्हतं. हे त्याने पाडलं होतं.

"उजवं, आये," तो म्हणाला. "उजवं पडलं."

"देवी पावली," म्हणत म्हातारी पुढे सरकली. पाया पडताना तिचे हात तांदळ्यावरून फिरले. डाव्या खांद्यावर काही नव्हतं. उजव्या खांद्यावर बोटं थांबली. फूल जागच्या जागी होतं. तिने ते हलवून पाहिलं, सहजी निघेना. मग हळूच ओढून काढलं आणि बोटाला लागलेलं गंध नाकाशी नेलं.



"बस खाली," ती म्हणाली. त्याची छाती चाचपून तिने सदऱ्याचा खिसा शोधला आणि ते फूल आत सारलं. "हे संगती ने. गंध चांगलं लागलंय. लांबवर टिकंल."

मग काठी टेकत ती उठली आणि त्याचा हात न धरता दाराकडे चालू लागली. मागे तांदळ्याच्या उजव्या खांद्यावर गंधाचा ओला ठसा तेवढा राहिला होता.