मावशींनी धुतलेलं बीकर

या, जरा सरकून जवळ बसा. मागचेही पुढे या, जागा पुष्कळ आहे. आज एका बाईची गोष्ट सांगतो. हिने एकोणतीस वर्षं काचेची भांडी धुतली. गोष्टीत राजा नाही, राणी नाही, चमत्कार तर नाहीच नाही. देवाचं नाव घेऊन सांगतो, ऐकताना तुम्हाला शिसारी येईल. येऊ द्या. मलाही अजून येते.

"मावशी, याच्यातला गुलाबी कुठं गेला हो?"

नववीतली ती मुलगी प्रयोगशाळेच्या टेबलावर हनुवटी टेकून बीकरकडे बघत होती. शाळेत तिला सगळे 'चौकशी' म्हणत. शिक्षकसुद्धा. हजेरी घेतानाही एकदा विज्ञानाच्या बाईंच्या तोंडून तेच नाव निघालं होतं आणि वर्ग पोट फुटेस्तोवर हसला होता. तीही हसली होती.

मावशींनी हातातलं फडकं खाली ठेवलं. टेबलावर सात बीकरं ओळीनं मांडलेली होती. हा दरवर्षीचा शिरस्ता. मुलींचा विज्ञान दिन आला की सात बीकरांत सात रंगांचं पाणी भरायचं, सात गोऱ्यागोमट्या मुली निवडायच्या, ट्रंकेतले सात पांढरे कोट काढून त्यांना घालायचे आणि प्रत्येकीच्या हातात एक बीकर द्यायचं. मुलींनी बीकराकडे बघायचं, पाहुण्यांनी मुलींकडे बघायचं, फोटोवाल्यानं खटका दाबायचा. मग कोट पुन्हा ट्रंकेत, डांबराच्या गोळ्यांसकट, आणि प्रयोगशाळेला वर्षभर कुलूप. मुलींनी हात लावला तर काच फुटते ना! न फुटलेल्या काचेचा आकडा मोठे सर दर वार्षिक अहवालात अभिमानानं छापत.

सहा रंग बाजारातले असत. सातवा, गुलाबी, मावशी स्वतः करत, परमँगनेटचे दोन जांभळे खडे टाकून. तो खडा पाण्यात उतरताना जांभळे दोरे सुटतात, ते बघायला त्यांना आवडायचं. दरवर्षी त्यासाठी डिस्टिल्ड वॉटर घेत. यंदा कॅन रिकामा होता. प्रयोगच होत नाहीत तर मागवणार कोण? म्हणून काल त्यांनी नळाचं पाणी घेतलं होतं. आणि आज गुलाबीच्या जागी मळकट तपकिरी गढूळ काहीतरी बसलं होतं.

"पाण्यात घाण असली की हा रंग मरतो," मावशी म्हणाल्या.

"कसली घाण?"

"सडलेलं काहीतरी."

"पण हे तर आपण पितो!"

मावशींनी कोपऱ्यातल्या नळाकडे पाहिलं.

आता मावशींना हे कसं ठाऊक, असं तुम्ही विचाराल. त्या याच शाळेच्या विद्यार्थिनी. त्यांच्या वेळी प्रयोगशाळा फक्त मुलांना होती, आणि मुली बाहेरच्या व्हरांड्यात भरतकाम शिकत. ही पोर खिडकीखालची जागा धरून बसायची. टाके वाकडे पडायचे, पण आतला प्रत्येक प्रयोग तिनं पाठ केला. गणितात पहिली आली तेव्हा वडील म्हणाले, "हुशार आहे, संसार नीट करील." पुढे नवरा गेला आणि शाळेनं मेहेरबानी केली. ज्या खोलीत शिकायला शिरता आलं नाही, त्याच खोलीत भांडी घासायला शिरली.

चौकशीनं दप्तरातून वही काढली. "मावशी, नीट करून बघूया?"

मावशींनी दाराकडे पाहिलं आणि दार आतून लावून घेतलं. तीन बीकरं स्वतः धुतली, शेवटच्या पाण्यापर्यंत, काचेवर थेंब न थांबता पाण्याचा सबंध पापुद्रा उतरेपर्यंत. एकात शाळेच्या नळाचं पाणी, एकात चौकशीच्या घरच्या बाटलीतलं आणि एकात पाहुण्यांसाठी आणलेल्या सीलबंद बाटलीतलं. तिन्हींत मोजून एकेक खडा.

"लिही. तारीख, वेळ, काय वापरलं, कुणी धुतलं. सगळं."

चौकशीनं लिहिलं: बीकर, मावशींनी धुतलेले. मग वेळ चुकली म्हणून खोडरबर काढला.

"अंहं! पुसायचं नाही. एक रेघ मारायची आणि पुढे बरोबर लिहायचं. चुकलेलंसुद्धा वाचता आलं पाहिजे. नाहीतर ती वही कसली, आरसाच तो, पुसला की झालं."

संध्याकाळी शाळा सुटताना दोन बीकरं गुलाबी होती, शाळेच्या नळाचं तेवढं तपकिरी.

मुली गेल्यावर मावशी पदर खोचून गच्चीच्या शिडीवर चढल्या. टाकीचं झाकण अर्धं सरकलेलं होतं. आत कबूतर होतं. म्हणजे, कबूतर राहिलं होतं म्हणायचं. पिसं सुटून पाण्यावर पसरली होती, आणि उरलेलं जे होतं ते पाण्याला हलकेच धक्के देत भिंतीशी लागत होतं. वास नाकात नाही, घशात शिरला. मावशी गच्चीच्या कठड्याशी बसून ओकल्या. तोंड धुवायला नळाशी आल्या, तोटीला हात लावला, आणि तसाच काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मोठ्या सरांसमोर उभ्या राहिल्या. सर भाषणाच्या कागदावर खुणा करत होते.

"मावशी, उद्या कार्यक्रम. आज टाकी उपसली तर पटांगणात चिखल होईल, मांडव भिजेल. शनिवारी बघू."

"पोरी पाणी पितायत, सर."

"इतके दिवस पितच होत्या की! मेल्या का?" सर हसले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि ती चौकशी वर्गात काहीबाही सांगत सुटलीय. तिला समजवा. म्हणावं, बीकर घाणेरडं राहिलं होतं. तुमचं ऐकेल ती. विज्ञान शिबिराला शाळेतून एकच नाव जायचंय, तिचंच घालणार होतो मी. आता तुम्हीच बघा. तुमचेही चारच महिने राहिलेत नोकरीचे. नीट काढा."

पाहा, किती गोड! लेकरांच्या घशात सडकं पाणी जातंय, आणि याला मांडव भिजण्याची काळजी. देवानं माणसाला नाक दिलं ते उगाच नव्हे, पण काही जणांना आपलाच वास येत नाही.

आणि मावशी? मावशींनी सांगितलं. मधल्या सुट्टीत, नळाशी लागलेल्या रांगेपासून चार पावलांवर, चौकशीच्या नजरेला नजर न देता सांगितलं. "अगं, ते बीकर नीट धुतलं गेलं नव्हतं माझ्याकडून. पाण्यात काही नाही. तू बोलू नकोस कुठं."

चौकशीनं क्षणभर त्यांच्या हातांकडे पाहिलं. मग तिथंच उभ्या उभ्या वही उघडून काहीतरी लिहिलं. त्या रात्री मावशींनी देवापुढे दिवा लावला, हात जोडले, पण मागायला तोंड उघडेना.

शुक्रवारी मांडव सजला. सात कोट, सात बीकरं. गुलाबीसाठी सरांनी सरबताचा रंग आणला होता. चौकशी त्या सातांत नव्हती. पाहुणे तासभर बोलले. मुलींनी आकाशाला गवसणी घालावी, प्रश्न विचारावेत, प्रश्न विचारणं हाच विज्ञानाचा प्राण वगैरे. मधेच सीलबंद बाटलीतलं पाणी प्यायले. पुढच्या रांगेतली एक मुलगी पोट धरून बाहेर गेली. तिच्या मागं दुसरी.

"शिस्त नाही पोरींना," सर पुटपुटले.

टाळ्या झाल्यावर मावशी बीकरं धुवायला प्रयोगशाळेत आल्या. आत चौकशी बसली होती. तिच्यापुढं तीन बीकरं. दोन गुलाबी, एक तपकिरी.

"तू भाषणाला नव्हतीस?"

"नाही. तुम्ही म्हणालात ना, बीकर घाण होतं? म्हणून मी स्वतः धुतलं. तीनदा. तुम्ही धुता तसं, पापुद्रा उतरेपर्यंत." तिनं मान वर केली. चेहऱ्यावर राग नव्हता, उलट आनंद होता. "मावशी, तुमचं बीकर स्वच्छ होतं हो! उगाच स्वतःला दोष देत होतात."

मावशी स्टुलावर बसल्या. पोर त्यांना निर्दोष ठरवून मोकळी झाली होती. खोटं बोलल्या असतील हे तिच्या मनालाही शिवलं नव्हतं.

थोड्या वेळानं त्यांनी तपकिरी बीकर उचललं आणि सरांच्या खोलीत गेल्या. पाहुणे बिस्कीट खात होते. मावशींनी बीकर बिस्किटांच्या बशीशेजारी ठेवलं.

"हे शाळेचं पिण्याचं पाणी. टाकीत कबूतर मेलंय. बीकर स्वच्छ होतं. काल मी खोटं बोलले."

पाहुणे बीकराकडे बघत म्हणाले, "मला वाटलं कॉफी."

सर मोठ्यानं हसले. पाहुणेही हसले. बिस्कीट चहात बुडालं.

मावशी तिथून थेट गच्चीवर गेल्या. टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला, वरची लोखंडी चक्री पान्यानं सोडवून पदराला बांधली आणि खाली येऊन फाटकाशी बसल्या. नळ कोरडे पडले. सरांनी धमकावलं, विनवलं, पुन्हा धमकावलं.

"टाकी धुवा, चक्री देते," एवढंच त्या म्हणत राहिल्या.

अंधार पडायच्या आत टाकी धुवावीच लागली. वार्षिक अहवालात छापून आलं: 'टाकीची नियमित स्वच्छता राखण्यात येते.'

शिबिराला सरबताचं बीकर धरलेली मुलगी गेली. मावशींना उरलेले चार महिने जुन्या बाकांच्या खोलीत बसवलं आणि प्रयोगशाळेची किल्ली काढून घेतली.

शेवटच्या दिवशी चौकशी तिथं आली. "मावशी, दहावीनंतर मला विज्ञानच घ्यायचंय. घरचे नको म्हणतायत. ही वही दाखवणार आहे मी त्यांना."

मावशींनी वही हातात घेतली. गुरुवारचं पान उघडलं. तिथं लिहिलं होतं: बीकर अस्वच्छ, मावशींच्या म्हणण्यानुसार. त्यावर एक सरळ रेघ. पुढे शुक्रवारच्या तारखेनं: बीकर स्वच्छ होते. पुन्हा तपासले.

रेघेखालचं अक्षर न् अक्षर वाचता येत होतं.

"एवढी ओळ पुसून टाक गं," मावशी हळूच म्हणाल्या.

"पुसायचं नसतं मावशी. तुम्हीच सांगितलंत ना."

मावशींनी मान हलवली. पान पदरानं झटकलं, त्यावर धूळ नव्हती तरी, आणि वही तिच्या हातात दिली.

झाली गोष्ट. आता उठण्याआधी एकच मागणं आहे. घरी जाल, तहान लागेल, काचेचा पेला उजेडात धराल. तो स्वच्छ दिसला, तर पिण्याआधी घटकाभर त्या बाईला आठवा.