तिसरी पुकार

मोताळ्याच्या अलीकडं आमच्या गावात चर्च म्हणजे पत्र्याची एक लांब खोली. दर रविवारी फादर रेमंड मोटरसायकलवर येतात, मिस्सा म्हणजे रविवारची उपासना करतात आणि शेवटच्या आशीर्वादाआधी सूचनांचा कागद माझ्या हातात देतात. मी मोताळ्याच्या एका वाचनालयात ग्रंथपाल होतो, एवढ्याच कारणावरून हे काम माझ्याकडं आलं असावं. लोकांसमोर उभं राहायचं म्हटलं की अजूनही माझी बोटं गार पडतात. पण कागदाकडं बघून वाचायचं असतं, लोकांकडं बघायचं नसतं, म्हणून निभतं.

त्या रविवारी कागदावरची पहिलीच सूचना माझ्या मुलाची होती.

आमच्यात लग्नाआधी नवरा-नवरीची नावं तीन रविवार चर्चमध्ये पुकारतात. कुणाला काही अडथळा ठाऊक असेल तर त्यानं वेळेत सांगावं, हा हेतू. धर्मगुरू व्हायला निघालेल्या मुलाचंही नाव तसंच पुकारतात. हर्षल सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरूंच्या विद्यालयात, शिकत होता आणि आता त्याला डीकनपदाची दीक्षा मिळायची होती. डीकन म्हणजे पुरता फादर नव्हे, ते पुढच्या वर्षी. पण जन्मभर लग्न करणार नाही, बिशप पाठवतील तिथं जाईन, हे वचन डीकन होतानाच द्यायचं असतं. इथवर आलेला मुलगा घरी परतू शकतो. त्यानंतर नाही.

'उकंडराव वानखडे आणि दिवंगत अन्नपूर्णा यांचा मुलगा हर्षल,' मी वाचलं. उकंडराव मीच. 'त्याला ही दीक्षा देण्यास काही अडथळा असल्याचे कोणास ठाऊक असल्यास त्यांनी ते धर्मगुरूंना कळवावे.' इथं जरा थांबायची रीत आहे. मी थांबलो. कुणी काही बोललं नाही. मग मी पुढची सूचना वाचली.

हर्षल बारावीनंतर गेला. तेव्हा अन्नपूर्णा होती. तिला आनंद झाला होता, आणि तिचा आनंद बघून मलाही आपण आनंदी आहोत असं वाटलं होतं. तो तत्त्वज्ञान शिकत असताना ती गेली. तो आला, मातीला उभा राहिला, थोडे दिवस राहून परत गेला. तेव्हापासून आमचं बोलणं म्हणजे रविवारची दुपार. सेमिनरीत मुलांना फोन रविवारीच मिळतो. मी जेवण उरकून, फोन समोर ठेवून बसतो. तो वाजला की पहिल्यांदा काय बोलायचं ते मी ठरवून ठेवलेलं असतं, आणि ऐनवेळी तोंडातून निघतं, 'जेवला का?' तो म्हणतो, 'हाव. तुमी?' मी म्हणतो, 'हाव.' मग पावसापाण्याचं, कापसाचं. मधेच तो आपलं काही सांगतो. पहाटेची घंटा, चॅपलमधली प्रार्थना, इंग्रजीतली व्याख्यानं, बागेतली खुरपणी, संध्याकाळचा फुटबॉल. एकदा म्हणाला, मी गोलकीपर आहे, कारण मला धावता येत नाही. त्यावर आम्ही दोघंही हसलो आणि ते हसणं मला पुढं बरेच दिवस पुरलं.

पहिली पुकार झाली त्याच आठवड्यात तो सुट्टीवर आला. दीक्षेआधी घरच्यांबरोबर राहून यावं म्हणून मुलांना धाडतात. मी नांदुऱ्याला स्टेशनवर घ्यायला गेलो. त्यानं माझ्या हातातली पिशवी काढून घेतली. तिच्यात काही नव्हतं, मी रिकामीच नेली होती. तरी ती त्यानं घरापर्यंत सोडली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा ठेवला. इतक्या महिन्यांनी पोरगा समोर बसला होता, म्हणून मी रात्री झोप झाली का, थंडी वाजली का, असं विचारलं. त्यानं फक्त मान हलवली. काही चुकलं असेल म्हणून मी गप्प बसलो. मग त्यानं आपलं प्रार्थनेचं पुस्तक उघडलं, बऱ्याच वेळानं मिटलं, आणि एकदम हसून म्हणाला, 'बाबा, तिथं रात्रीच्या प्रार्थनेपासून सकाळच्या प्रार्थनेपर्यंत बोलत नाही आमी. सवय झाली.' मला हायसं वाटलं. आणि वाईटही वाटलं. जेवतानाही तो पुन्हा भाकरी मागत नसे. ताटात पडेल ते खाई, माझं होईपर्यंत थांबे, मग दोन्ही ताटं घासून ठेवी. लहानपणी वांग्याची भाजी बघून रुसणारा मुलगा तो. त्यानं एकदा तरी रुसून बघावं असं मला वाटायचं.

दुसरी पुकार तो समोर बसलेला असताना झाली. त्यानं डोळे खाली घातले होते. मी वाचलं, थांबलो, आणि बायकांच्या बाजूनं बेबीताई उठून उभी राहिली.

बेबीताई भाजीचा मळा करते, मोताळ्याच्या बाजाराला बसते. हर्षलच्या बाप्तिस्म्याला ती त्याची धर्ममाता होती.

'मले हरकत हाय,' ती म्हणाली.

आमच्या चर्चमध्ये पुकारीला आजवर कुणी उत्तर दिलेलं नव्हतं. ते विचारायचं असतं म्हणून विचारतात, हे सगळ्यांना न सांगता ठाऊक होतं. फादर रेमंड वसईकडचे, त्यांना आमची बोली सावकाश कळते. त्यांनी विचारलं, 'मावशी, काय म्हणालात?'

'तुमीच तं इचारून राह्यले, अडथळा हाय का म्हून. हाय. हा अडथळा तुमच्या बाजूलेच उभा हाय, कागद घेऊन.' तिनं माझ्याकडं बोट केलं. पोरं खुदखुदली. 'पोरगं देवाले दिलं, लई चांगलं केलं. पन अन्नपूर्णा गेल्यापासून हा मानूस सकाळच्या भाकरीवर संध्याकाळ काढते. रविवारी फोनसमोर बसते तं मले मळ्यातून दिसते. त्याले कोन पाह्यीन? तो सोता सांगणार नाही. त्याच्या तोंडात मूग हायेत. म्हून मी सांगते.'

फादरांनी तिला मिस्सा झाल्यावर बोलू म्हणून बसवलं. मी पुढची सूचना कशी वाचली ते मला आठवत नाही.

नंतर चहाच्या वेळी फादरांनी तिला समजावलं. अडथळा म्हणजे मुलाचं आधी लग्न झालेलं असणं, गुन्हा केलेला असणं, तसलं काही. ती म्हणाली, 'मंग तसं लेहा ना कागदावर.' ते हसले. पण मग त्यांनी मला बाजूला घेतलं. बाप एकटा आहे, त्याला मुलाचा आधार लागतो, असं असेल तर ते बिशपांच्या कानावर घालावं लागेल, ते म्हणाले. बिशप दीक्षा वर्षभर पुढं ढकलू शकतात, हर्षलला तेवढं वर्ष घरी राहू देऊ शकतात. 'तुम्ही मला शनिवारपर्यंत सांगा. तुम्ही म्हणाल ते मी कळवीन.'

एक वर्ष. मी त्या आठवड्यात दुसरं काही वाचू शकलो नाही. एका वर्षात सगळे ऋतू येतात. तो घरात असताना पाऊस कसा वाटेल, नाताळला येशूजन्माचा गोठा कुठं मांडायचा, त्याच्यासाठी माडीवजा माळ्यावर जागा करायची की ओसरीतच, असले विचार मी करत होतो. आणि वर्षभरात माणसाचं मन बदलतं, हेही माझ्या मनात होतं. ते मी तिथून काढून टाकत होतो आणि ते पुन्हा येऊन बसत होतं.

पण मला आधार लागत होता का? डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, गुडघे बरे, पेन्शन येते. मी संध्याकाळी स्वयंपाक करत नाही तो एकट्यासाठी चूल पेटवायला जीवावर येतं म्हणून. मला त्याची गरज नव्हती. मला तो हवा होता. या दोहोंत फरक आहे की नाही, याचा मी पुस्तकी माणूस उगाच कीस काढत होतो, असंही वाटे.

बेबीताई मेथी द्यायला आली तेव्हा दारातूनच म्हणाली, 'मी बोलली भाऊ. आता तुमी बोला. का तेबी मीच करू?'

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही बापलेक ओसरीत ती मेथी निवडत बसलो. हर्षल कोवळे देठ ठेवत होता, त्याची आई ठेवायची तसे. उन्हं गेली होती. एकाएकी तो उठून उभा राहिला. मला वाटलं, दारात कुणी आलं. कुणी नव्हतं. आमच्या चर्चला घंटा नाही, गावात त्या वेळी कसलाही आवाज नव्हता. तो हातात मेथीची काडी धरून, डोळे मिटून उभा होता, आणि त्याचे ओठ हलत होते. त्याच्या चेहऱ्यावर मी असं काही पाहिलं जे तो आल्यापासून दिसलं नव्हतं. कुणीतरी आपलं माणूस हाक मारत आल्यासारखं. मग तो खाली बसला आणि पुन्हा मेथी निवडू लागला.

'तिथं या टायमाले घंटी होते,' तो म्हणाला. 'समदे जिथं असन तिथं उभे राह्यतात.'

मी पुढची जुडी सोडली. थोड्या वेळानं तोच म्हणाला, 'बाबा, फादरनं मले सांगतलं. तुमी हो म्हणा, मी थांबतो. मनात काही ठेवणार नाही.'

'तुले थांबावं वाटते का?'

त्यानं हातातली काडी खाली ठेवली. 'मले रोज वाटते. घंटी झाली की वाटते, आता बाबा दिवा लावत असन. आता दाराले कडी घालत असन. बाकीचे प्रार्थना म्हणतात, मी तुमच्या कडीचा आवाज ऐकत राह्यतो.' त्यानं काडी पुन्हा उचलली. 'आन इथं आलो तं ती घंटी ऐकू येते.'

मला खूप काही म्हणायचं होतं. कडी मी आता लवकर घालत नाही, अंधार पडला तरी दार उघडं ठेवतो, हे म्हणायचं होतं. एक वर्ष फार नसतं, हे म्हणायचं होतं. तेवढं म्हटलं असतं तर तो खरंच थांबला असता, कुरकुर न करता, आणि रोज संध्याकाळी हातातलं काम टाकून ओसरीत एकटा उभा राहिला असता.

'मी धडधाकट हाव,' मी म्हणालो. 'बेबीताईले काय समजते. मी फादरले तसं सांगतो.'

'खरं?'

'हाव.'

तो मेथीवर वाकला. त्याला बरं वाटलं की वाईट, ते मला दिसलं नाही. विचारायला हवं होतं कदाचित. आमच्या घरात तसं विचारायची पद्धत नाही. त्या रात्री मात्र मी चूल पेटवली, आणि त्यानं आणखी एक भाकरी मागून घेतली.

शनिवारी मी फादरांना फोन केला. मग बेबीताईच्या मळ्यात जाऊन तिलाही सांगितलं. ती वांगी तोडत होती. ती माझ्याकडं बघत राहिली, आणि मग तिनं एवढंच विचारलं की मी हे खरं बोलतो आहे ना. मी हो म्हणालो. ती म्हणाली, 'मंग मी बसते गप. पन तुमचं मन पालटलं तं उद्या नुसतं माह्याकडं पाहा.'

रविवारी मी तिसऱ्यांदा वाचलं. उकंडराव वानखडे आणि दिवंगत अन्नपूर्णा यांचा मुलगा हर्षल. काही अडथळा असल्याचे कोणास ठाऊक असल्यास. आणि थांबलो.

सगळं सांगून, ठरवून झालं होतं. तरी मी थांबलो तेव्हा कुणीतरी उठेल अशी वाट बघत होतो. पुरुषांच्या बाजूनं कुणी खोकलं. बाहेर एक ट्रॅक्टर गेला. फादर माझ्याकडं बघू लागले होते, कारण रीतीपेक्षा जास्त वेळ झाला होता. बेबीताई पदर तोंडावर धरून ताठ बसली होती, नजर माझ्यावर. मी कागद सोडून कुणाकडंही बघितलं नाही.

पुढची सूचना अशी होती की कापूस वेचणी सुरू असल्यामुळं पुढच्या रविवारी मिस्सा उशिरा होईल. ती मी दोनदा वाचली, कारण पहिल्यांदा माझा आवाज मागच्या सतरंजीपर्यंत गेलाच नाही.