चौपट कशात?

भुईगावच्या बागायतदार सोसायटीत पॉल लोपीस नावाचे अकरा सभासद होते. गाव त्यांना नीट ओळखायचं: हा विहिरीकडचा, तो चिंचेखालचा, तो पोस्टमनचा. फक्त सोसायटीचं खत त्यांना ओळखत नव्हतं. एका पॉलची युरियाची गोणी दुसऱ्या पॉलच्या दारात उतरायची, आणि चूक कळेपर्यंत ती त्याच्या केळीच्या बुंध्यात विरघळलेली असायची. मग विरघळलेला युरिया परत कसा मागायचा, यावर कमिटीची सभा. सत्त्याऐंशी सालच्या पावसाळ्यानंतर अशा सभा इतक्या वाढल्या की सेक्रेटरी इनेझ तुस्कानो एके दिवशी म्हणाल्या, "आपण कॉम्प्युटर घेऊ."

इनेझ टीचरनी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं होतं. दोन्ही मुलगे आखातात, नवरा फोटोत. सकाळी साडी नेसून बाहेर पडायला कारण हवं, ते सोसायटीच्या खुर्चीने पुरवलं होतं. कमिटीवर आलेल्या त्या पहिल्याच बाई, त्यामुळे त्या चुकण्याची वाट बघणारे पुष्कळ होते, आणि सगळ्यांत पुढे चेअरमन सॅन्टन लोपीस.

चेअरमनांचा भाचा युजीन मुंबईच्या एका कंपनीत कॉम्प्युटर विकायचा. शाळेत तो टीचरच्याच हाताखालून गेला होता, पाढे जेमतेम पाठ करून. त्याने मशीन आणलं, एक फ्लॉपी घातली, आणि पडद्यावर आकडा झळकला: चार.

"म्हणजे पहिल्यांदा निघालेल्या मूळ मशीनच्या चौपट," युजीन म्हणाला.

"चौपट कशात?" टीचरनी विचारलं.

"स्पीडमध्ये, टीचर."

"कसला स्पीड? उचलण्यात, शोधण्यात, लिहिण्यात? चौपट खाणारा माणूस चौपट काम करतो असं नाही, युजीन. तुझ्या मामांकडे बघ."

सॅन्टन खाकरले. युजीनने फ्लॉपी काढून पुन्हा घातली. आकडा पुन्हा चारच.

दुसरं मशीन शत्रुघ्न पाटलाने दाखवलं. वसई स्टेशनजवळ त्याचं टायपरायटरचं दुकान होतं, हल्लीच त्याने पाटीवर 'कॉम्प्युटर' रंगवून घेतलं होतं. त्याच्या मशीनवर युजीनचीच फ्लॉपी घातली तर आकडा आला जेमतेम दोन. शत्रुघ्न मुळीच खजील झाला नाही. "टीचर, तो आकडा सोडा. मेगाहर्ट्झ बघा. एका सेकंदात ऐंशी लाख ठोके!"

"ठोके काय मोजता? आमच्या रहाटाचा रेडाही पावलं भराभर टाकायचा. पोहऱ्यात पाणी किती यायचं ते वेगळं."

शत्रुघ्नने लगेच रेड्याचीही तारीफ केली. विकणाऱ्या माणसाला मुद्दा समजला नाही तरी मान डोलवता येते.

टीचरना मात्र तो आकडा डोक्यातून जाईना. भाजी चिरताना, जपमाळ ओढताना तेच: चौपट कशात? त्यांनी युजीनला तीनदा परत पाठवलं. "तुझ्या साहेबाला विचार, ती फ्लॉपी मोजते तरी काय?" शेवटी शनिवारी तो कपाळावरचा घाम पुसत उत्तर घेऊन आला. तो छोटा प्रोग्रॅम मशीनला ढीगभर हिशेब घालतो, त्यात गुणाकार-भागाकार भरपूर. किती वेळ लागला ते बघतो आणि मूळ मशीनला लागलेल्या वेळेशी ताडतो. युजीनच्या मशीनमधली चिप नेमकी गुणाकारातच हुशार.

"म्हणजे तू ज्यात नापास व्हायचास त्यात ती पहिली येते," टीचर खूश होऊन म्हणाल्या. "पण पोरा, आमच्या यादीत गुणाकार कुठे आहे? पॉलला पॉलने गुणायचंय का?"

संध्याकाळच्या सभेत सॅन्टन वैतागले. "टीचर, शंका काढून शाळा चालते, सोसायटी नाही. एकाचा आकडा चार, दुसऱ्याचा दोन. चार मोठे, हे तुम्हीच शिकवलंत ना?"

आता या सॅन्टनची गंमत अशी. भुईगावात पंपाच्या पाटीवर किती हॉर्सपॉवर लिहिलीय हे कोणी वाचत नाही. पंप उचलायचा, आपल्या विहिरीवर लावायचा, आणि बागेच्या पार टोकाच्या शेवटच्या केळीपाशी जाऊन उभं राहायचं. पाणी तिथवर आलं तर पंप आपला, नाहीतर दुकानदाराचा. या रिवाजाने सॅन्टननी आजवर इतके पंप परत केले होते की दुकानदार त्यांना बघून आधी चहा मागवायचे आणि मग सुस्कारा सोडायचे. असा माणूस भाच्याच्या चारच्या आकड्यावर भाळला होता.

"काका," टीचर म्हणाल्या, "पंप घेताना तुम्ही पाटी वाचता का?"

"पंपाची गोष्ट वेगळी."

"काही वेगळी नाही. उद्या मिस्सेनंतर दोन्ही मशीनं चर्चच्या हॉलमध्ये लावा, समजा आपल्याच विहिरीवर. आपली सगळी यादी घाला. आडनाव, नाव, बापाचं नाव, घराचं नाव, अशी क्रमाने लावून कागदावर आली पाहिजे. बाराच्या घंटेच्या आत भिंतीवर यादी लागली नाही, तर सेक्रेटरीची खुर्ची मी सोडते."

शेवटचं वाक्य तोंडातून निसटलंच. सॅन्टननी ते अलगद झेललं. "सगळ्यांनी ऐकलंय हं," ते म्हणाले.

नावं तयार होती. टीचरची जुनी विद्यार्थिनी रिटा, तिचा विरारला मनवेलपाड्यात टायपिंगचा क्लास होता, तिथे तिने मुलींना बसवून सगळी यादी फ्लॉपीवर उतरवली होती आणि ती क्रमाने लावायचा प्रोग्रॅमही दिला होता. इंग्रजी अक्षरात, कारण मशीनला अजून मराठी येत नव्हतं.

रविवारी मिस्सा सुटली तसा अर्धा गाव घरी जायच्याऐवजी हॉलमध्ये शिरला. दोन टेबलं, दोन मशीनं, एकच यादी. रिटाने हात खाली केला आणि दोघांनी एकदम बटण दाबलं. मग काहीच दिसेना. नुसते दोन लाल दिवे लुकलुकत होते, आणि लोक झुंज लागल्यासारखे त्यांच्याकडे बघत होते. एकाने चाराच्या बाजूने पैज लावली. चिंचेखालच्या पॉलने दोनाच्या बाजूने लावली, कारण पहिला पैजवाला पोस्टमनचा पॉल होता.

शत्रुघ्नचं मशीन आधी थांबलं. फार नाही, दोन-तीन आमेन म्हणून होतील इतकंच आधी.

"पण आकडा चार आहे!" युजीन रडकुंडीला आला.

"आहे ना, गुणाकाराचा," टीचर म्हणाल्या. "इथे काम काय? डिस्कवरून नाव आण, दुसऱ्या नावाशी लावून बघ, परत ठेव. लोपीसशी लोपीस, पॉलशी पॉल, मग बापाचं नाव, तेही सारखं निघालं तर घराचं. यात चिपपेक्षा डिस्कची धावाधाव जास्त. शत्रुघ्नची डिस्क चपळ आहे, एवढंच." शत्रुघ्न मान डोलवायला तयारच होता.

टीचरनी घड्याळ पाहिलं. अकराही वाजले नव्हते. खुर्ची वाचली. "छापा आता," त्या म्हणाल्या.

प्रिंटर सुरू झाला. डावीकडून उजवीकडे एकदा, मग त्याच ओळीवर पुन्हा एकदा, सावकाश, म्हातारीने रांगोळी गिरवावी तसा. अक्षर मात्र सुरेख. आल्मेडा आले, कोरिया आले. डाबरे यायला लागले ते संपेचनात. लोकांनी घरून चहा मागवला. टीचर पुन्हा पुन्हा घड्याळ बघायला लागल्या. पडद्यामागे काय चालतं ते त्यांनी आठवडाभर खोदून विचारलं होतं. कागद किती वेगाने बाहेर येतो, हे विचारायचं राहून गेलं होतं.

बाराची घंटा झाली तेव्हा यादी घोन्सालविसांत अडकली होती. सगळे उभे राहिले, प्रार्थना झाली. प्रिंटर तेवढा थांबला नाही. टीचरनी पर्समधून ऑफिसची किल्ली काढली आणि सॅन्टनच्या समोर टेबलावर ठेवली.

पण सॅन्टनचं लक्ष किल्लीकडे नव्हतं. ते प्रिंटरवर ओणवे झाले होते. पाणी अडलं की पाटाच्या कडेने चालत जातात तसे ते मशीनपासून वायर बोटाने धरत प्रिंटरपर्यंत आले.

"हे तिकडचं मशीन आता काय करतंय?" त्यांनी शत्रुघ्नला विचारलं.

"काही नाही. प्रिंटरची वाट बघतंय."

"आणि युजीनचं चौपट लावलं असतं तर?"

"तेही वाट बघत बसलं असतं."

"मग पंपाला कशाला शिव्या? पाईप बारीक आहे!" सॅन्टन ओरडले. भाचा, पैज, सगळं विसरले होते. "एका ओळीवर दोनदा का फिरतोय हा?"

"टीचरनीच सांगितलं होतं, अक्षर सुंदर पाहिजे. त्याला दोनदा गिरवावं लागतं. हे बटण दाबलं की साधं येईल."

सॅन्टननी टीचरकडे बघितलं. टीचर लाजल्या, निवृत्तीनंतर बहुधा पहिल्यांदाच. सॅन्टननी स्वतःच्या बोटाने बटण दाबलं, आणि प्रिंटर असा खडखडायला लागला की मागचं पोर रडायला लागलं. अक्षर ठिपक्याठिपक्यांचं, पण ओळी भराभर. लोपीस आले. अकरा पॉल एकाखाली एक, बापाच्या आणि घराच्या नावासकट, आणि प्रत्येक जण आपलं नाव आलं की हात वर करत होता.

"घंटा केव्हाच झाली, काका," टीचर हळूच म्हणाल्या. "मी बोलले ते बोलले."

"थांबा हो टीचर. पंप लावल्यावर घंटा कोण बघतं?"

कागद संपला तेव्हा सॅन्टननी त्याचं शेवटचं टोक हातात धरलं आणि लांबलचक पट्टी ओढत हॉलच्या पार मागच्या बाकापर्यंत गेले. तिथे म्हातारी एमिली वाझ सकाळपासून बसून होती. आडनावामुळे कुठल्याही इंग्रजी यादीत तिचा नंबर शेवटचा.

"बघ गो एमिली," ते वाकून म्हणाले, "तुझ्यापर्यंत पोचलं का?"

एमिलीने चष्मा पुसला, बोटाने आपलं नाव शोधलं, आणि मान हलवली.

"पोचलं!" सॅन्टननी तिथूनच हाळी दिली. "दोनवालं ठेवा. आणि टीचर, ती किल्ली उचला. उद्या ऑफिस कोण उघडणार, मी?"