कौसाचं पान

ज्या कात्रीनं कौसाचं पान कापलं, ती माझ्या हातात होती. पुढं मला राग सगळ्यांचाच आला, पण सुरुवात तिथून.

सत्तावन सालची गोष्ट. परतूरपासून दोन कोसांवर आमचं गाव. तिथं माझ्या बाबूजींचं, चांदमल शेठचं, कापडाचं दुकान. मी सातवीत होते. विमलबाई आम्हाला शिवणकाम शिकवायच्या. शाळेची तपासणी जवळ आली होती आणि हेडमास्तरांच्या खोलीतली भिंत पोपडे धरून उभी होती. बाई म्हणाल्या, चुन्याला पैसे नसतील तर आपण ती झाकू. त्यांनी कापसाच्या जिनिंगमधून एक फाटकं गोणपाट मागून आणलं, धुतलं, ताणून बांधलं आणि त्यावर खडूनं झाड काढलं. खोड जुन्या लुगड्यांच्या काठांचं. फळं फुटक्या बांगड्यांची, दिव्यावर तापवून वाकवलेली. पाखरं शिंप्याकडच्या कात्रणांची. पानांचं कापड मात्र प्रत्येकीनं घरून आणायचं. एका मुलीचं एक पान.

कौसा दारापाशी आपल्या वेगळ्या तरटावर बसायची. महारवाड्यातून शाळेत येणारी ती एकटी. तिनं आणलेलं कापड हिरवं होतं, त्यावर पिवळे ठिपके. मी बघताच ओळखलं. आमच्या दुकानातल्या त्याच थानाचं माझं पोलकं होतं.

पंधरा दिवसांत झाड भरलं. पाहुणे आले म्हणून मला न्यायला मां शाळेत आली. तिचं नाव संतोषबाई, पण गाव तिला शेठाणी म्हणायचं. झाड तिला आवडलं. हे कोणाचं, ते कोणाचं, असं विचारत ती पानांवरून हात फिरवत होती. हिरव्या पानावर हात आला तेव्हा कौसा उभी राहिली, म्हणाली, "माझं हाय." मांनं हात झटक्यानं मागं घेतला. घरी येऊन तिनं डोक्यावरून पाणी घेतलं आणि मग बाबूजींना हेडमास्तरांकडं पाठवलं.

दुसऱ्या दिवशी श्रीपतराव हेडमास्तर वर्गात आले. ते कधी आवाज चढवत नसत. त्यांनी विमलबाईंना सांगितलं की गावात बोलवा आहे, ते कापड मढ्यावरचं, गावकीत मिळालेलं आहे, लेकींची पानं त्याला लागलेली लोकांना चालत नाहीत. तेवढं एक काढून टाका. बाईंनी अस्पृश्यताबंदीच्या कायद्याची आठवण करून दिली. ते म्हणाले, कायदा दिल्लीत आहे आणि शाळेचं छप्पर शेठ लोकांच्या देणगीवर आहे. मी लावलं, मी काढणार नाही, एवढंच बाई बोलल्या.

श्रीपतरावांनी टेबलावरची कात्री उचलली आणि माझ्यापुढं धरली. तक्रार माझ्या घरची, म्हणून असेल.

मला ठाऊक होतं ते कापड कुठलं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी उठले, टाके कापले. पान खाली पडलं. कौसानं ते उचललं, मुठीत धरलं आणि वर्गाबाहेर गेली. कोणी तिला थांबवलं नाही. मीही नाही.

दुपारी कौसाची आई आली. तुळजाबाई जिनिंगमध्ये कापूस निवडायची. केसांत पांढरे तंतू तसेच होते. ती शाळेच्या ओट्याखाली उभी राहिली. श्रीपतराव म्हणाले, उद्या या. ती हलली नाही. सगळे वर्ग दारांशी गोळा झाले.

"मढ्यावरचं कापड घ्यायचं आम्ही सोडलं, त्याला वर्ष झालं," ती म्हणाली. "गावकीची कामं सोडली. तुमच्या दारचं शिळं सोडलं. हे तुम्हाला बराबर ठावं हाय, कारण तवापासून तुम्ही आमच्याशी नीट बोलत न्हाई. हे कापड मी चांदमल शेठच्या दुकानातून रोख देऊन घेतलंय. पोरीचं पोलकं शिवलं, त्यातला तुकडा उरला. शेठनं थान फाडलं, माझ्या पदरात वरून टाकलं. त्यांच्या घरात ते बाटलं न्हाई, तुमच्या भिंतीवर कसं बाटलं?"

मग ती विमलबाईंकडं वळली.

"आन् बाई, तुम्ही कशाला मागितलं आमच्याकडनं? राखता येत न्हाई तर मागायचं न्हाई."

मला वाटलं होतं ती बाईंचे आभार मानील. माझंही नाव ती घेईल म्हणून मी भिंतीला चिकटून उभी होते. तिनं माझ्याकडं पाहिलंच नाही.

घरी गेले तेव्हा बाबूजी जेवत होते. मी उभ्यानंच विचारलं, ते हिरवं कापड तुळजाबाईला तुम्हीच विकलं ना? त्यांनी भाकरी मोडली, म्हणाले, गिऱ्हाईक कोण ते बघून धंदा होत नाही. मी म्हटलं, मग काल हेडमास्तरांना हे का नाही सांगितलं? ते मांकडं बघायला लागले. मां म्हणाली, पोरगी फार शिकली, आता शाळा बंद.

इतका राग मला त्याआधी कधी आला नव्हता. मांचा आला, पण ती निदान खरं मानून बोलत होती. बाबूजींना सगळं माहीत होतं, तरी ते गप्प जेवत होते. अगदी माझ्यासारखे. ते मला सहन झालं नाही. मी पेटीतून माझं ते हिरवं पोलकं काढून त्यांच्या ताटाशेजारी टाकलं, म्हटलं, "हे पण मढ्यावरचंच. शाळा बंद केली तर मी बाजाराच्या दिवशी दुकानाच्या पायरीवर बसून येईल त्याला हेच सांगीन."

मांनं माझ्या थोबाडीत मारली. बाबूजींनी हात धुतले. मग ते म्हणाले, जाऊ दे तिला शाळेत. माझी बाजू पटली म्हणून नव्हे. पायरीची धमकी घाबरवून गेली त्यांना.

सकाळी मी कौसाच्या घरी गेले. महारवाड्यात पाय ठेवायची माझी पहिलीच वेळ होती. तिनं दारातूनच विचारलं, काय पाहिजे. मी म्हटलं, पान दे, मी कापलंय, मीच लावते. तुळजाबाई आतून म्हणाली, द्यायचं का न्हाई ते तुझं तू बघ. कौसानं पान मला दिलं नाही. मुठीत घेऊन ती माझ्या पुढं पुढं शाळेत चालत आली.

झाड हेडमास्तरांच्या खोलीत भिंतीवर लागलं होतं, मधे रिकामी जागा. श्रीपतराव खुर्चीत बसलेले. मी विचारलं नाही, त्यांनी अडवलं नाही. अडवलं असतं तर चांदमल शेठच्या मुलीला अडवावं लागलं असतं. विमलबाई सुई-दोरा घेऊन आल्या. मी पान लावायला घेतलं. टाके लांब-लांब पडले. मी मागं सरले तेव्हा कौसानं पान ओढून पाहिलं.

"पक्कं न्हाई बसलं," ती म्हणाली.

तिनं माझ्या हातातून सुई घेतली, माझे सगळे टाके उसवले आणि दुहेरी दोऱ्यानं पान स्वतः शिवलं. दोरा दातानं तोडला. मग माझ्याकडं न बघता वर्गात गेली. दारापाशी पसरलेलं तरट तिनं उचललं, पहिल्या रांगेत आणून टाकलं आणि त्यावर बसली.