अंगाईचा तक्ता

दोघी जावा एकाच विमा कंपनीत होत्या. एकाच घरातून निघायच्या, एकाच बसनं यायच्या आणि दारातून आत शिरल्या की दोन दिशांना जायच्या. थोरली तळमजल्यावर, संगणक विभागाच्या त्या गारठलेल्या खोलीत. धाकटी तिसऱ्या मजल्यावर, दावे विभागात. कुणाचा नवरा गेला, कुणाचं गोदाम जळलं, की फोन धाकटीच्या टेबलावर वाजायचा. धाकटीच्या नवऱ्याचं दुकान बुडालं तेव्हापासून तिच्या अर्ध्या घराची चूल तिच्याच पगारावर पेटत होती. चूल अर्थात एकच होती, दोघींची मिळून.

कंपनीच्या शाखा गावोगाव. संध्याकाळी माणसं घरी जायची आणि हजारो मशीन तशीच चालू राहायची, रिकाम्या खुर्च्यांना चित्रं दाखवत. ती तापायची म्हणून एसी चालायचे, एसी चालायचे म्हणून बिल फुगायचं. खर्चाच्या साहेबांना हे सहन होईना. त्यांना सगळी कंपनी 'वजाबाकी' म्हणायची, कारण या गृहस्थांनी जन्मात कशात काही मिळवलेलं कुणी पाहिलं नव्हतं. वजाबाकींनी थोरलीला बोलावलं आणि म्हणाले, "बाई, हे थांबवा."

थोरलीनं थांबवलं. तिनं एक प्रोग्रॅम बसवला. कीबोर्डला आणि माऊसला थोडा वेळ हात लागला नाही की मशीन आपोआप झोपणार. पहाटे तळमजल्यावरून एक हुकूम सुटणार, सगळ्या शाखांतली मशीन जागी होणार, दुरुस्त्या घेणार आणि पुन्हा झोपणार. आधी याच कामासाठी संगणक विभागातले पुरुष पेनड्राईव्ह आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन मजले चढायचे, गावोगाव जायचे. आता त्यांची गरज उरली नाही. कुणाला लांबच्या शाखेत टाकलं, कुणी आपणहून सोडलं. ज्यानं थोरलीला हे काम हाताला धरून शिकवलं तो जाताना म्हणाला, "आम्हाला झोपवलंस. आता बाकीच्यांना झोपव." थोरलीनं ते मनाला लावून घेतलं नाही. बदली म्हणजे बदली, असं तिनं स्वतःला समजावलं. स्वतःला समजावण्यात शिकलेली माणसं फार पटाईत असतात.

लोकांनी प्रोग्रॅमचं नाव ठेवलं 'अंगाई'.

इथपर्यंत सगळं बरं होतं. चूक पुढे झाली, आणि ती थोरलीचीच. किती वीज वाचली हे दाखवायला लिफ्टशेजारच्या पडद्यावर एक तक्ता लावायचा होता. वजाबाकींनी विभागवार मागितला होता. थोरली म्हणाली, "विभागाची लाज कुणाला वाटते, साहेब? माणसाचं नाव लावा, मग बघा कसे मशीन बंद करतात." खोटं नव्हतं ते. पण पोटात आणखी एक गोष्ट होती. धाकटीचं नाव वर झळकावं, घरात जरा हसू यावं, असंही तिला वाटत होतं. त्या रात्री भाकऱ्या थापताना तिनं धाकटीला युक्ती सांगितली. "फोन आला की मशीन झोपव. कागदाची फाईल वाचायला घेतलीस की झोपव. उठलीस की झोपव. बघ तू कशी पहिली येतेस."

"ताई, तुम्ही म्हणजे ना!" धाकटी हसली. "पेपर फोडून पास करताय मला."

धाकटी आलीच पहिली. तिचं कामच असं, अर्धा दिवस फोनवर आणि अर्धा कागदात. एखादी बाई फोनवर रडत असली की ही तिचं रडणं संपेपर्यंत ऐकून घ्यायची, मग कुठला कागद कुठं मिळेल ते सांगायची. तेवढा वेळ मशीन गाढ झोपलेलं. कंपनीनं तिला टाळ्या दिल्या आणि कुंडीतलं एक झाड दिलं.

मग कुजबुज सुरू झाली. कोण पहिलं बोललं ते कळलं नाही, असल्या गोष्टीचा बाप कधी सापडत नाही. अंगाई मशीन झोपवते खरी, पण झोपलेल्या मशीनपुढचा माणूसही लिहून घेते. ज्याचं मशीन जास्त झोपतं त्याला कामच नाही, असा हिशोब वर चाललाय.

एका दुपारी थोरलीला पडद्यावर विचित्र गोष्ट दिसली. तिसऱ्या मजल्याची मशीन झोपेनाशी झाली होती. जेवणाच्या सुट्टीतसुद्धा नाही. वीज वर चढत होती. ती तपासायला वर गेली. सगळे जेवायला गेलेले, खुर्च्या रिकाम्या, आणि प्रत्येक पडद्यावर बाण आपला आपण थरथरत होता, जणू भुतं कामाला बसलीत. तिनं एक माऊस उचलला. खाली मनगटी घड्याळ. सेकंदकाटा फिरतो, माऊसच्या पोटातल्या दिव्याला वाटतं हात हलला, आणि मशीन जागं राहतं. दुसरा माऊस उचलला, तिथंही घड्याळ. कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या हेडक्लार्ककडे मनगटी घड्याळ नव्हतं. त्यानं भिंतीवरचंच काढून आणलं होतं. टेबलावर ते ताटासारखं पसरलेलं आणि मधोमध माऊस.

"बाई, शोधताय काय?" मागून हेडक्लार्क आला, दात कोरत. "वेळ बघायचीय का?"

"आजोबा, हे काय चाललंय?"

"काम चाललंय. बघा ना, मी जेवायला गेलो तरी माझं काम चालूच. इतका कामसू माणूस आहे मी."

"पण अंगाई फक्त विजेसाठी आहे हो."

हेडक्लार्कनं काडी टोपलीत टाकली. "तुमच्या विभागात किती माणसं होती, बाई? आणि आता किती आहेत? तीसुद्धा विजेसाठीच गेली का?"

थोरली पुढचे माऊस उचलून बघत गेली. सगळ्या मजल्यावर एकच माऊस घड्याळाशिवाय होता. धाकटीचा. तिचं मशीन शहाण्या बाळासारखं झोपलं होतं.

घरी आल्यावर धाकटीनंच विषय काढला. भाजी चिरता चिरता, मान वर न करता. "ऑफिसात म्हणतात, तुझ्या जावेनंच तुला पहिल्या नंबरावर बसवलंय. पहिली उडायला."

"काहीतरीच काय!"

"हे फक्त विजेचं आहे ना?"

"अगं, विजेचंच आहे. मी बसवलंय, मला नाही माहीत?"

"बसवणाऱ्यालाच सगळं माहीत असतं असं कुठंय," धाकटी म्हणाली आणि चिरलेली भाजी पातेल्यात लोटली. त्या दिवशी ती एकदाही 'ताई' म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी थोरलीनं पाहिलं, तक्ता कोण कोण उघडतं. लिफ्टजवळ तो सगळ्यांना दिसतच होता, पण आतून, माणसागणिक आणि तासागणिक, तो उघडायची चावी मोजक्या लोकांकडे होती. वजाबाकींच्या केबिनमधून तो रोज उघडला जात होता. विजेचा रकाना तिथं कुणी पाहतही नव्हतं. पाहत होते झोपेचे तास.

तिनं नोंद पुन्हा एकदा पाहिली. मग राग आला, आणि राग आधी स्वतःवर आला. नावं लावा, असं तिनंच तर सांगितलं होतं.

ती तडक केबिनमध्ये गेली. वजाबाकी गोड माणूस. असली माणसं गोडच असतात, कडू माणसाला कुणी सुरी हातात देत नाही.

"या बाई, या. तुमचं नाव आजच निघालं होतं. उद्या संचालकांची बैठक आहे. तुम्ही यायचं आणि एवढंच सांगायचं, की तक्त्यातले आकडे बरोबर आहेत."

"कशासाठी?"

"वीज वाचली. आता पुढचं पाऊल. ज्या मशीनला दिवसभर काम नाही, ते टेबल कशाला पोसायचं? आधी दावे विभाग घेऊ. तक्ता लागल्यापासूनचे तास मोजले तर तिथं झोपा फार."

"साहेब, ते फोनवर असतात. कागद वाचतात. माऊसला हात लागला नाही म्हणजे काम नाही असं होत नाही."

"ते मला कसं दिसणार? मला जे मोजता येतं ते दिसतं." वजाबाकी हसले. "तुमचाही विचार केलाय हं. सगळ्या शाखांचं नेटवर्क एका माणसाकडे द्यायचंय. तुमच्याशिवाय कोण आहे?"

कोण असणार? बाकीचे सगळे तिनंच घालवले होते. थोरली केबिनबाहेर आली तेव्हा तिला वाटलं, वाटेतला प्रत्येक माणूस आपल्याकडे बघून गप्प होतोय. होतच होते गप्प. उगाच भास नव्हता तो.

रात्री तिनं नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "तू गप्प राहिलीस तर तुझी बढती. बोललीस तर दोघींचीही जाईल. नीट विचार कर." मग तो कूस बदलून घोरायला लागला. त्याचं म्हणणं हिशोबाला धरून होतं, आणि हिशोबाचा तर थोरलीला आता वीट आला होता.

बैठकीच्या खोलीत लांब टेबल, टेबलावर पाण्याच्या बाटल्या, भिंतीवर तक्ता. सगळ्यात वर धाकटीचं नाव. लिफ्टजवळ हिरव्या अक्षरात होतं ते इथं लाल केलेलं.

"आकडे बरोबर आहेत ना, बाई?" वजाबाकींनी विचारलं.

"नाहीत," थोरली म्हणाली.

संचालकांपैकी एकानं बाटलीचं झाकण तसंच हातात धरून ठेवलं.

"तिसऱ्या मजल्यावर लोकांनी माऊसखाली घड्याळं ठेवलीत. मशीन जागी राहावीत म्हणून. तुमच्या तक्त्यात जे सगळ्यात कामसू दिसतात, त्यातल्या निम्म्यांच्या खुर्च्या रिकाम्या असतात. आणि जी नावं वर आहेत, ती झोपाळू माणसं नाहीत. मी सांगितलं, मशीन झोपवा, त्यांनी झोपवली. ज्यांनी माझं ऐकलं त्यांचीच नावं वर आहेत. पहिलं नाव माझ्या जावेचं आहे. तिला युक्ती मी सांगितली, माझ्या स्वयंपाकघरात."

"जावेचं!" वजाबाकींना हवं ते मिळालं. "म्हणजे घरचा मामला."

"हो, घरचा. म्हणून तर मला माहीत आहे ती किती काम करते. तुम्हाला कुठं माहीत आहे?"

"ठीक. आकडे खोटे म्हणता. मग वीज वाचल्याचे आकडेही खोटे?"

सापळा तिला स्पष्ट दिसला. तिच्या नावावर जमा असलेली एकच गोष्ट होती ती. ती म्हणाली, "आधी वाचली. घड्याळं आल्यापासून वाढलीय. माणसाला भीती घातलीत की तो दिवा बंद करत नाही, साहेब. दुप्पट लावतो."

तक्ता उतरला. दावे विभागाच्या कपातीची यादी मागे पडली. खोट्या आकड्यांवर सही करायची संचालकांची छाती झाली नाही. त्यांना लोकांची दया आली असं मात्र कुणी समजू नये, त्यांना कोर्टाची भीती वाटली. आणि कपात तर करायचीच होती, म्हणून ती संगणक विभागाची झाली. नेटवर्क बाहेरच्या एका कंपनीला दिलं. थोरलीच्या हाती नोटीस आली आणि तिच्या खुर्चीवरून सगळ्या शाखा चालवायचे अधिकार त्याच संध्याकाळी काढून घेतले गेले.

घरी पोचेपर्यंत बातमी तिच्याआधी पोचली होती, आणि ती भलतीच.

"घड्याळांचं सांगितलंत म्हणे साहेबांना," धाकटी म्हणाली. ती दारातच उभी होती. "आज सगळ्यांची टेबलं तपासली. हेडक्लार्क आजोबांना सगळ्यांसमोर झापलं. सगळे मला विचारतात, तुझी जाऊ खबरी आहे का? काय सांगू?"

"तुझी नोकरी वाचवायला सांगितलं."

"आणि जायला आली होती कुणामुळे?"

थोरली पायरीवरच बसली. मग तिनं सगळं सांगितलं. नावं लावायची कल्पना तिची होती ते, तक्ता आतून कोण उघडत होतं ते, बढतीचं आमिष, नोटीस. काही झाकलं नाही. धाकटी शेवटपर्यंत ऐकत राहिली, फोनवरच्या बायकांचं ऐकायची तशी. पण शेवटी त्या बायकांना सांगायची तसं काही सांगितलं नाही.

"तुम्हाला कळलं त्याच दिवशी मला सांगायला हवं होतंत," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

राहिलेल्या दिवसांत थोरलीला एकच काम दिलं होतं. बाहेरची कंपनी आपला प्रोग्रॅम आणणार, त्याआधी अंगाई काढायची. अधिकार गेलेले, त्यामुळे तळमजल्यावरून हुकूम सोडता येईना. पेनड्राईव्ह घेऊन या इमारतीतलं एकेक मशीन हातानं मोकळं करायचं. तिसऱ्या मजल्यावर ती शिरली तशी बोलणी थांबली.

"आली बघा," कुणीतरी म्हणालं. "टेबलं झाका रे, घड्याळं लपवा."

"आमची नावं लिहून घ्या, बाई," हेडक्लार्क म्हणाला. "साहेब वाट बघत असतील."

चारदोनजण हसले. थोरली पहिल्या मशीनजवळ वाकली आणि काम करत राहिली. पेनड्राईव्ह आधी उलटा गेला.

तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. धाकटी उठून उभी राहिली होती.

"आजोबा, तुम्ही आज या खुर्चीत बसलाय ते यांच्यामुळे. यांची खुर्ची गेलीय. आता आणखी एक शब्द बोलायचा असेल तर माझ्याशी बोला, या माझ्या जाऊ आहेत."

हेडक्लार्क चष्मा पुसायला लागला. हातातलं मशीन संपवून थोरली धाकटीच्या टेबलाशी आली आणि माऊसकडे हात नेला.

धाकटीनं आपला हात माऊसवर ठेवला.

"याला नको," ती हलक्या आवाजात म्हणाली, फक्त थोरलीला ऐकू जाईल इतक्या. "माझ्या मशीनला तुम्ही हात लावायचा नाही, जाऊबाई. दुसऱ्या कुणाला तरी पाठवा."

दुसरं कुणी आता विभागात उरलंच नव्हतं, आणि ते धाकटीलाही माहीत होतं. थोरलीनं पेनड्राईव्ह मुठीत घेतला. मग मान हलवून ती पुढच्या टेबलाकडे गेली.