डोकं खाली

मारुतीच्या डोक्यावर तारांची टोपी बसवताना पुण्याहून आलेल्या हेमांगी मॅडम म्हणाल्या, "माग चालवताना डोकं खाली ठेवा हं, काका."

इंदूरच्या त्या मिलमधले निम्मे माग एव्हाना बंद पडले होते. कामगाराच्या मेंदूवर किती भार येतो ते लहरींवरून मोजायचं आणि मग किती माणसं ठेवायची ते ठरवायचं, असा साहेबांचा बेत होता. मारुतीने मॅडमचं मनापासून ऐकलं. दोन्ही माग हातांच्या सवयीवर सोडले आणि मनात नुसता रामनामाचा जप चालू ठेवला.

कागदावर लहरी शांत उमटल्या. मॅनेजरसाहेबांनी त्याची पाठ थोपटली. "याला दोन माग म्हणजे काहीच नाही. उद्यापासून एका माणसाला चार." शाबासकीने मारुतीला क्षणभर बरंच वाटलं.

साहेब गेल्यावर शेजारचे दोन माग चालवणारा भेरूलाल जवळ आला. "भिया, ये क्या किया?"

"मॅडम बोलल्या, डोकं खाली ठेवा. मी एकदम खाली ठेवलं. काहीच सोचलं नाही."

तारा गुंडाळणाऱ्या मॅडमचे हात थांबले. इंदुरात खाली म्हणजे रिकामं, हे त्यांना कुठून ठाऊक असणार? "अहो काका, मान खाली म्हणत होते मी. तारा ओढल्या जाऊ नयेत म्हणून."

भेरूलाल वळून आपल्या दोन मागांकडे बघत राहिला.

मारुतीचं डोकं खाली गेलं. पुण्याच्या मराठीतलं खाली.