चार आणि पाचच्या मधली फळी

मी एक जुनी फळी आहे. मित्रांनो, टेबल नव्हे, बाक नव्हे, नुसती फळी. ग्वातेमाला शहराच्या जुन्या भागात 'ला पिला' नावाचं एक हॉटेल आहे. तिथे चार नंबरच्या आणि पाच नंबरच्या टेबलामध्ये दीड हाताचं अंतर पडतं. एखाद्या कचेरीची मंडळी घोळक्याने जेवायला आली की मला बाहेर काढतात, त्या अंतरावर आडवी टाकतात आणि वरून एकच लांब चादर पसरतात. बघणाऱ्याला वाटतं, केवढं मोठं टेबल! एरवी मी फ्रिजमागे उभी असते. तिथे ओल आहे. पण ते गाऱ्हाणं शेवटी सांगेन.

माझं झाड ओर्मिगोचं. वेवेतेनांगोच्या डोंगरात ते वाढलं. या झाडाचं लाकूड गातं, म्हणून मारिंबा या काठ्यांनी वाजवायच्या वाद्याच्या पट्ट्या त्याच्याच करतात. सेबेरियानो नावाच्या म्हाताऱ्या कारागिराने आमचं खोड कापलं. प्रत्येक तुकड्यावर तो बोटाच्या पेराने दोनदा टकटक करी आणि कान लावी. माझी भावंडं खणखणीत बोलली. माझ्या मध्यावर मात्र एक गाठ होती. सेबेरियानोने दोनदा टकटक केलं, तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, "ही बोलत नाही."

एवढ्या तीन शब्दांत माझं आयुष्य ठरलं. पुढे 'ला पिला'चे मालक बाल्तासार मारिंबा विकत घ्यायला आले तेव्हा सेबेरियानोने मला वर फुकट दिलं. भावंडं आणि मी एकाच ट्रकमधून शहरात आलो. ती दर्शनी भागात उभी राहिली, त्यांच्यावर फुलांच्या माळा चढल्या. माझ्या नशिबी बिअरचे ओले ग्लास आणि लोकांची कोपरं. तरी एक गोष्ट मी कोणाला सांगितली नाही. ती वाजू लागली की मी आतून थरथरते. त्याला गाणं म्हणत नसतील, पण मला कधी कोणी विचारलंही नाही.

मित्रांनो, कचेरीच्या जेवणाची जागा ठरवायचं काम शत्रूवरही येऊ नये. एकाला मांस चालत नाही, एकीला शेवटची बस गाठायची असते, साहेबांना गाडी लावायला जागा हवी असते. माणशी शंभर केत्सालच्या वर गेलं की सगळ्यांचे चेहरे उतरतात, आणि फार स्वस्त जागा काढली की नाकं मुरडतात. शिवाय जागा गजबजलेली हवी, नाहीतर "आपण काय दुखवट्याला आलोय का?" असं कोणीतरी म्हणतंच. जेवण जमलं तर कौतुक आचाऱ्याचं होतं. फसलं तर शिव्या निवडणाऱ्याला. असे निवडणारे मी किती पाहिले! आधी एकटे येतात, संडास बघतात, भाव विचारतात, गाडी कुठे लावायची ते विचारतात आणि घाम पुसत निघून जातात.

एलुविया आली तेव्हा तिने यातलं काही विचारलं नाही. दोन गल्ल्या पलीकडच्या नकाशांच्या कचेरीत ती कारकून होती. पन्नाशीची, ठेंगणी, हिरवा लोकरी कोट घातलेली. मालक बोलत होते आणि ती त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होती.

"सेन्योरा, हे टेबल मारिंबाला अगदी खेटून आहे," मालक म्हणाले. "आतलं देऊ का? इथे बोललेलं ऐकू यायचं नाही."

"कोणालाच नाही?"

"कोणालाच नाही."

"मग हेच द्या," ती म्हणाली.

त्या दिवसापासून वर्षातून चार वेळा ती आपली चौदा माणसं घेऊन येऊ लागली. संध्याकाळी साडेपाचला यायची, बसच्या वेळेला उठायची. माझ्यापाशी कोणी बसायला तयार नसतं, कारण दोन्ही टेबलांचे पाय तिथे गुडघ्याला लागतात. एलुविया मात्र आपणहून तिथे बसे आणि डावा तळहात माझ्यावर पालथा ठेवी. जेवण संपेपर्यंत तो हात तिथून हलत नसे. मला वाटायचं, बाईला सवय असेल.

मग तिची गंमत दिसू लागली. मारिंबाच्या दणक्यात शेजारच्याचं शेजारच्याला कळत नसे. लोक तोंड वासून ओरडत, हातवारे करत, तरी पेपियानचा रस्सा मागितला की मक्याच्या भाकऱ्या पुढे येत. एलुवियाला मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळं कळे.

"बायरन म्हणतोय, चटणी इकडे सरकवा," ती सांगे. "आणि लिक, तुमच्याबद्दल काय म्हणतोय ते मी नाही सांगणार."

लिक म्हणजे त्यांचे साहेब, ओतोनिएल; शिकलेल्या माणसाला इथे 'लिक' म्हणतात. त्यांच्यासकट सगळे हसून लोटपोट होत.

"दोन्या एलुविया, कान आहेत की मांजराचे!" बायरन ओरडे. वयाने मोठ्या बाईला इथे मानाने 'दोन्या' म्हणतात. तिचं नाव त्यांनी 'टेलिफोन' ठेवलं. टेबलाच्या दोन टोकांची माणसं तिच्यामार्फत एकमेकांशी बोलत. जोडायचं काम मी करते असं मला वाटत होतं, पण खरं जोडायचं काम तीच करत होती.

एकदा वाढपी त्रान्सितोच्या हातातून ग्लासांनी भरलेलं ताट तिच्या पाठीमागेच निसटलं. चौदा माणसं दचकली. एलुविया हसतमुखाने शेंगदाणे खात राहिली. ताट आदळल्याचा हादरा जमिनीतून टेबलाच्या पायांत आणि पायांतून माझ्यात चढला, तेव्हा कुठे तिचा तळहात उडाला आणि ती दचकली. सगळ्यांच्या नंतर, एकटीच. कोणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्या आलं, आणि त्रान्सितोच्याही.

पुढच्या वेळी टेबल सांगायला एकटी आली तेव्हा ती त्याला म्हणाली, "त्रान्सितो, कोणाला बोलू नका हं."

"मी काय बोलणार?" तो नीट तिच्याकडे तोंड करून म्हणाला. "तीस वर्षं मारिंबाशेजारी उभा आहे. मला तरी धड कुठे ऐकू येतं?"

ती हसली, आणि मग हसू मावळलं. "घरी आणि कचेरीत मी एकटी बहिरी असते. ओठ बघून निभावते, पण शांत जागेत लोक ओठ हलवायचासुद्धा कंटाळा करतात. इथे सगळेच बहिरे. म्हणून आणते त्यांना इथे."

मी फ्रिजच्या कडेला उभी होते. सगळं ऐकलं, आणि बोलता येत नाही याचं त्या दिवशी पहिल्यांदा वाईट वाटलं नाही.

पण मित्रांनो, माणसांना एका जागेचा कंटाळा येतो. एका वर्षी ऑगस्टमध्ये ती मंडळी आलीच नाहीत. सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. माझ्या खालच्या कडेला बुरशी धरली. डिसेंबरात सगळ्या शहरभर कचेऱ्यांची वर्षअखेरीची जेवणं असतात आणि कुठे जागा मिळत नाही, तेव्हा एकदाची ती मंडळी आली. जमिनीवर पाइनच्या हिरव्या सुया पसरल्या होत्या, फळांचं गरम पोंचे उकळत होतं. मला पुसून मध्ये टाकलं. एलुविया अजून पोचली नव्हती, आणि तिच्याविषयीच बोलणं चाललं होतं.

"मी तर दुसरीकडे जागा बघत होते," निनेत म्हणाली. ही नवी मुलगी. आता जागा ती ठरवत होती. "ऑगस्टमधली जागा किती छान होती! शांत, गुबगुबीत खुर्च्या, आणि भाव इथलाच. पण डिसेंबरभर भरलेली आहे."

"छान कसली! तिथेच तर दोन्या एलुवियाने घोळ घातला," बायरन म्हणाला. "लिक बिचारे सांगतायत, आई गेली. आणि ही हसून म्हणते, अरे वा, मजा आहे तुमची!"

"हल्ली ती कोणाला जुमानतच नाही," तिसरा कोणीतरी म्हणाला. "फोन वाजत राहतो, ही ढिम्म. खिडकीशी लोक हाका मारतात, ही मान वर करत नाही."

लिक मान खाली घालून पोंचे ढवळत होते. दोन वर्षांत त्यांनी झाडूसारख्या मिशा वाढवल्या होत्या. वरचा ओठ त्यात कधीच बुडाला होता.

एवढ्यात एलुविया आली. तोच हिरवा कोट. मधली खुर्ची तेवढी रिकामी होती. ती बसली आणि माझ्यावर तळहात ठेवला. मारिंबा वाजत होता तोवर ठीक होतं. मग निनेतने त्रान्सितोला हाक मारली.

"अहो, जरा वाजवणं थांबवायला सांगा ना. साहेबांना दोन शब्द बोलायचेत."

भावंडं गप्प झाली. मीही गप्प झाले. एलुवियाच्या हाताखाली आता नुसतं लाकूड उरलं.

लिक उभे राहिले, हातातल्या कागदात मान घालून पुटपुटू लागले. वर्षाचा आढावा झाला, आभार झाले. मग म्हणाले, "जानेवारीपासून दोन्या एलुविया यांच्याकडे जुन्या नकाशांची स्वतंत्र जबाबदारी देण्याचा विचार आहे. त्यांच्या अनुभवाचा तिथे उपयोग होईल. चालेल ना, दोन्या एलुविया?"

सगळे तिच्याकडे वळले. तिला लिकचं नुसतं कपाळ दिसत होतं; सगळे वळले यावरून एवढंच कळलं की आपल्याला काहीतरी विचारलंय. अशा वेळी ती नेहमी हसून "हो, हो, उत्तम!" म्हणायची. तेच हसू आता चेहऱ्यावर येऊ लागलं होतं. हो म्हटलं की संपलं, हे मला ठाऊक होतं. जुने नकाशे कुठे असतात ते मी या लोकांच्याच तोंडून ऐकलेलं होतं. मित्रांनो, मी जिवाच्या आकांताने थरथरायचा प्रयत्न केला. पण वाजवणारं कोणी नसेल तर फळी थरथरत नाही.

तेवढ्यात समोर बसलेली निनेत शेजारणीकडे झुकली आणि अगदी हळू, श्वासाच्या आवाजात काहीतरी म्हणाली. शेजारणीखेरीज कोणाला ऐकू गेलं नाही.

एलुवियाचं हसू थांबलं.

"तळघरात?" ती म्हणाली. "मला तळघरात का टाकताय, लिक?"

निनेतच्या हातातला काटा ताटात पडला. लिक कागदाकडे बघू लागले, जणू हा शब्द चुकून तिथे आलाय. "तळघर असं मी... मी म्हटलंच नाही."

"तुम्ही काय म्हणालात ते मला कळलंच नाही," एलुविया म्हणाली. हात अजून माझ्यावर होता. "निनेत म्हणाली. 'बाईला तळघरात टाकतायत बिचारीला,' असं. तिचे ओठ दिसतात मला. तुमचे दिसत नाहीत. मला ऐकू येत नाही, लिक. सहा वर्षं झाली. फोन ऐकू येत नाही, खिडकीवरच्या हाका ऐकू येत नाहीत. तुम्ही सगळे मला टेलिफोन म्हणता ना? तो टेलिफोन ओठ बघून चालतो. आणि तुमच्या त्या मिशांनी तार तोडली."

कोणी हसलं नाही. बायरनसुद्धा नाही.

लिकनी हातातला कागद खाली ठेवला. मग टेबलाला वळसा घालून तिच्याजवळ आले आणि खाली वाकले. दोन बोटांनी त्यांनी आपल्या मिशा वर उचलून धरल्या. असा विचित्र चेहरा मी आजवर पाहिला नव्हता, आणि तरी कोणाला हसू आलं नाही.

"ऑगस्टमध्ये मी म्हणालो होतो," ते एकेक शब्द सुटा करून बोलले, "माझी आई गेली."

एलुवियाने तोंडावर हात नेला. डावाच. माझ्यावरचा.

"अहो, आणि मी काय बोलले हो त्यावर?"

"मजा आहे तुमची, म्हणालात."

"मला वाटलं, तुम्ही सुट्टीवर चाललात," ती म्हणाली आणि रडू लागली. लिकही तिथेच, मिशा हातात धरून, रडू लागले. त्रान्सितोने मारिंबावाल्यांना खूण केली. बरं झालं, कारण अशा वेळी शांतता फार वाईट असते.

एलुविया तळघरात गेली नाही. तिचं टेबल दाराकडे तोंड करून लावलं, आणि फोन निनेतकडे गेला. मार्चमध्ये मंडळी जेवायला आली तेव्हा लिकच्या मिशा गायब होत्या. सोललेल्या कोंबडीसारखे दिसत होते बिचारे, आणि बायरनने तसं तोंडावर सांगितलंही. जागा आता पुन्हा एलुवियाच ठरवते.

मला मात्र एका गोष्टीचं वाईट वाटतं, ते लपवत नाही. आता तिला टेबलाच्या टोकाला बसवतात, जिथून सगळ्यांचे चेहरे दिसतात. मधल्या खुर्चीवर जो उशिरा येईल तो बसतो आणि माझ्यावर कोपर रोवतो. तसा तळहात पुन्हा कोणी ठेवला नाही. मी थकले आहे. माझी गाठ आता तडकू लागली आहे आणि मालकाचा जावई गोल टेबलं आणायच्या गोष्टी करतो. गोल टेबलांना फळी लागत नाही.

गेल्या खेपेला सगळे कोट चढवत होते तेव्हा एलुविया मागे राहिली. त्रान्सितो मला उचलणार इतक्यात तिने थांबवलं. चादर बाजूला केली, बोटाच्या पेराने माझ्या गाठीवर दोनदा टकटक केलं आणि लगेच तळहात टेकवला. मारिंबा तेव्हा वाजत होता.

"ही बोलते हं," ती त्रान्सितोला म्हणाली.

मित्रांनो, चारचौघांनी जेवायला कुठे जायचं ते ठरवताना भाव बघा, बस बघा, खुशाल गजबज बघा. पण मधल्या खुर्चीवर बसणाऱ्यालाही एकदा विचारा, आणि बोलताना मान वर करून बोला. मला काही नको. जमलंच तर कोणीतरी बाल्तासारना सांगा, फ्रिजमागे ओल आहे.